राष्ट्रगीत कोणाचं वाजलं?

माझी घडीची सायकल स्टीअरिंग गिअर रूममध्ये एका पायपाला बांधलेली असते. वीस इंची चाकं, तीन गिअर, त्यातला एक पडत नाही. सेकंड इंजिनिअर तिला भंगार म्हणतो. म्हणू दे. ग्रीस फुकट आहे, आणि गंज खरवडण्यात माझा हात धरणारा या जहाजावर कोणी नाही. फिटर आहे मी.

हॅम्बुर्गला यायचं तर कुक्सहाफेनपासून एल्ब नदीतून साधारण १०० किलोमीटर आत शिरावं लागतं. नदीतली वाट दाखवणारा पायलट वर ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवायच्या खोलीत; आम्ही खाली इंजिनपाशी स्टँडबाय. ही नदी मला माहीत होती ती ब्रिजवरून इंजिनाच्या वेगाचे हुकूम देणाऱ्या टेलिग्राफवरून: हाफ अहेड, स्लो, डेड स्लो. चार वेळा येऊन गेलो, पण पाण्याचा रंग कोणी विचारला असता तर सांगता आला नसता.

या खेपेला दुपारी बाराला सुटलो. टर्मिनलच्या आत सायकल चालवायला बंदी आहे आणि ते बरंच आहे. कंटेनर पोटात धरून पळणाऱ्या त्या उंच गाड्यांसमोर सायकल म्हणजे मुंगी. म्हणून घडी करून खलाशांच्या क्लबच्या व्हॅनमध्ये टाकली. वॉल्टर्सहोफचा हा डकडाल्बन क्लब १९८६ पासून आहे. वायफाय, बिलियर्ड्स, आणि वर एकाच खोलीत सगळ्या धर्मांची देवस्थानं. बाकीचे घरी फोन लावायला बसले. मी फिंकेनवेर्डरच्या धक्क्यावर गेलो आणि ६४ नंबरच्या फेरीत सायकल चढवली. सायकलचं वेगळं तिकीट नाही. दाभोळ-धोपावे फेरीबोटीची आठवण येणारच होती, आली. फक्त इथे कोंबड्या नव्हत्या.

पलीकडे टॉयफेल्सब्र्यूकला उतरून पश्चिमेकडे निघालो. डावीकडे नदी, उजवीकडे टेकडी. ब्लांकेनेझला टेकडीवर घरं अशी चढत गेली आहेत की दारापर्यंत गाडी जातच नाही, सगळा कारभार पायऱ्यांचा. आमच्याकडे याला घाटी म्हणतात, आणि ती चढून पाणी आणणाऱ्या बायका असतात. इथे वरच्या घरांची किंमत ऐकून पायडल मारायचं विसरायला होईल म्हणे.

पुढे वाटेत वाळू लागली. ओहोटी होती. समुद्र एवढा लांब, तरी इथे पाणी साडेतीन मीटरपेक्षा जास्त खाली-वर होतं. चिखलात एका जहाजाचा गंजलेला मागचा भाग उघडा पडला होता. ‘उवे’ नावाचं मालवाहू जहाज, १९७५ साली टक्कर होऊन बुडालं. लोक शेजारी चादर टाकून सँडविच खात होते. मला तिथे बसवेना. बुडालेल्या जहाजाचा मागचा भाग म्हणजे माझ्यासारख्याच कोणाची तरी कामाची जागा.

मग एक मोठं कंटेनर जहाज बाहेर निघालेलं आलं, आणि एक गोष्ट पहिल्यांदा पाहिली. जहाज बरोबरीला येण्याआधीच काठचं पाणी मागे ओढलं गेलं, नदीने श्वास आत घेतल्यासारखं. जहाज पुढे गेलं तशा लाटा परत आल्या आणि माझे बूट भिजले. डेड स्लो, स्लो म्हणत आम्ही खालून काठावरच्या लोकांशी हेच करत आलो होतो तर!

वेडेलला नदीकाठी विलकॉम-हॉफ्ट म्हणून जागा आहे. १९५२ पासून येणाऱ्या-जाणाऱ्या मोठ्या जहाजांना तिथून सलामी देतात. झेंडा खाली घेतात आणि लाउडस्पीकरवर राष्ट्रगीत लावतात, जहाज ज्या देशाच्या झेंड्याखाली असेल त्याचं. मी कॉफी घेऊन बसलो आणि लायबेरियाचं ऐकलं. शेजारचे एक आजोबा उठून उभे राहिले. मीही राहिलो. त्या जहाजावर एक तरी लायबेरियन असेल का, शंकाच आहे. आमचं जहाज मार्शल आयलंड्सच्या झेंड्याखालचं, आणि मी आहे गुहागर तालुक्यातला.

सहाच्या आत परतलो. जेवताना झेंडा उतरवणाऱ्या फिलिपिनो पोऱ्याला विचारलं, वेडेलला आपलं गाणं वाजतं का रे? म्हणाला, वाजतं दादा, मी झेंडा खाली-वर करतो. कसं आहे गाणं? तो बराच वेळ आठवत राहिला. मग म्हणाला, लांब आहे.

मी ठरवलं होतं, निघताना वेडेल कधी येणार ते घड्याळ लावून काढायचं, उजव्या बाजूच्या पत्र्याला कान लावायचा. इंजिनच्या आवाजात काय डोंबल ऐकू येणार, तरीपण. जहाज सुटलं पहाटे अडीचला. सूर्यास्तानंतर तिथे कोणाचंच राष्ट्रगीत वाजत नाही.

सायकलच्या चेनमध्ये वाळू गेली आहे. रविवारी डिझेल आणि ब्रश घेऊन बसायचं आहे.