ईएसआर १३८

निपाणीत रक्त तपासायच्या कामात मला १९ वर्षं झाली. ईएसआर म्हणजे उभ्या नळीत लाल पेशी तासाभरात किती मिलिमीटर खाली बसतात ते मोजणं. आजकाल त्याला कुणी फारशी किंमत देत नाही, पण मी तो मन लावून करते. नळी तीन अंशांनी कलली तरी आकडा ३० टक्क्यांपर्यंत फुगू शकतो. म्हणून माझा स्टँड पंख्यापासून आणि सेंट्रिफ्यूजपासून लांब, लेव्हल बघून बसवलेला आहे.

त्या सकाळी बिड्या वळणाऱ्या एक मावशी आल्या. वय ५८. "कंबर लई दुखायलीया ताई, बसून कामच हुईना." सहा महिने मेडिकलमधून आणलेल्या दुखण्याच्या गोळ्यांवर दिवस काढत होत्या.

तासाभरानं नळी वाचली : १३८. सीआरपी, म्हणजे सूज असली की रक्तात वाढणारं प्रथिन, मात्र निगेटिव्ह. दोन्ही परत लावले, तेच आलं. जंतुसंसर्ग असो की सांध्यांची सूज, यकृत सीआरपी सोडतं आणि बहुतेक वेळा दोघं जोडीनं चढतात. हिमोग्लोबिन ८.१ होतं, ॲनिमियानं ईएसआर वाढतो, पण एवढा नाही. स्लाइड लावली तर लाल पेशी नाण्यांच्या चवडीसारख्या एकीवर एक, आणि मागं निळसर झाक. चिठ्ठीत नव्हतं, तरी उरलेल्या सीरमवर टोटल प्रोटीन लावलं. १०.४ आलं, नेहमीपेक्षा बरंच जास्त, आणि त्यात अल्ब्युमिन हे रक्तातलं नेहमीचं प्रथिन फक्त ३.१. म्हणजे बाकीचं दुसरंच काहीतरी.

किडनीनं गाळून टाकायचा कचरा, क्रिएटिनिन, वाढून १.९. लघवीच्या पट्टीवर मात्र प्रोटीन जेमतेम ट्रेस. पट्टी ओळखते अल्ब्युमिनला. हाडाच्या मगजातल्या बिघडलेल्या पेशी जी हलकी प्रथिनं सोडतात, ती तिला जवळजवळ दिसतच नाहीत. किडनीच्या बारीक नळ्यांत साचून तीच त्या बुजवतात. त्यावर दुखण्याच्या गोळ्या म्हणजे किडनीचा रक्तपुरवठा आणखी कमी.

डॉक्टरांना फोन केला. "बिडी कामगारांचा ईएसआर वाढलेलाच असतो," म्हणाले. हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता राग येतो. बाया दिवसभर तंबाखूच्या धुळीत बसतात म्हणून त्यांचं प्रत्येक दुखणं धुळीच्या खात्यावर टाकायचं! प्रोटीनचा आकडा सांगितल्यावर मात्र ते थांबले. सॅम्पल इलेक्ट्रोफोरेसिसला, म्हणजे प्रथिनं वेगवेगळी करून बघायला पाठवलं, तर एम स्पाइक निघाला : एकाच जातीच्या प्रथिनाचा उंच सुळका. कोल्हापूरला मगजाची तपासणी झाली : मल्टिपल मायलोमा, मगजातल्या पेशींचा कॅन्सर.

मग मी जुनं रजिस्टर काढलं. मावशींचं क्रिएटिनिन १४ महिन्यांपूर्वी ०.९ होतं, आठ महिन्यांपूर्वी १.३. त्यावरून ईजीएफआर, म्हणजे किडनी किती गाळते त्याचा अंदाज, काढून पाहिला : ७५, ४८, आता ३०. मधल्या रिपोर्टवर सही माझी. आमच्या छापील रिपोर्टवर नॉर्मल ०.६ ते १.४, बाईलाही तेच आणि पुरुषालाही तेच, म्हणून १.३ खाली रेघ आली नाही. ईएसआर तेव्हाही ९२ होता. सीआरपी कुणी मागितला नव्हता आणि मीही फोन केला नव्हता.

बायकांची रेंज वेगळी छापायला आणि ईजीएफआरची ओळ घालायला मी मालकांच्या मागं लागले. रिपोर्ट दुसऱ्या पानावर जातो म्हणून ते तयार नव्हते. आता ओळ आली आहे. मागचा आकडा शेजारी छापायचं अजून बाकी आहे. तोवर मी तो पेनानं लिहिते.

परवा मावशी आल्या होत्या, डोक्याला पदर घट्ट गुंडाळून. क्रिएटिनिन १.६. "उतरलं काय ग?" त्यांनी विचारलं. उतरलंय म्हटलं, आणि १.९ शेजारी लिहून दाखवलं.