मार्क अँटनीपासून तिसऱ्या गॉर्डियनपर्यंत: डिनेरियस संग्रहाची तिसऱ्या वर्षाची नोंद

या संग्रहाची मर्यादा मी सुरुवातीलाच आखून घेतली होती. डिनेरियस म्हणजे प्राचीन रोमचे चांदीचे नाणे; रोमन सेनापती मार्क अँटनीने इ.स.पू. 32-31 मध्ये पाडलेल्या सैन्यदलांच्या नाण्यापासून सम्राट तिसऱ्या गॉर्डियनच्या डिनेरियसपर्यंत एकूण बारा नाणी घ्यायची, प्रत्येक सत्ताधीशाचे एकच घ्यायचे आणि ते त्या कारकिर्दीत मिळू शकणाऱ्या चांगल्या प्रतीचे असावे, एवढाच नियम आहे. वर्षाच्या आरंभी ऑगस्टस, नीरो, व्हेस्पेशियन, ट्राजन, हेड्रियन, अँटोनायनस पायस आणि मार्कस ऑरेलियस अशी सात नाणी हाती होती. या वर्षी तीन नाण्यांची भर पडली, एक घेऊन परत करावे लागले, आणि टायबेरियस व गॉर्डियन या दोघांच्या जागा अजून रिकाम्या आहेत.

सर्वाधिक वेळ अँटनीच्या नाण्याने घेतला. नाणे दुर्मीळ नाही. ऑक्टेव्हियनविरुद्धच्या (पुढचा सम्राट ऑगस्टस) युद्धाची तयारी चालू असताना सैनिकांचा पगार भागवण्यासाठी ही नाणी प्रचंड संख्येने पाडली गेली. पुढच्या बाजूस वल्ह्यांच्या युद्धनौकेचे चित्र असते, मागच्या बाजूस दोन ध्वजांच्या मधोमध सैन्यदलाचा गरुड असतो आणि खाली ‘लेग’ (लिजन, म्हणजे सैन्यदल) ही अक्षरे व त्या दलाचा क्रमांक असतो. अडचण अशी, की बाजारात येणारी बहुतेक नाणी इतकी झिजलेली असतात की नौकेचा नुसता आकार उरतो आणि दलाचा क्रमांक अंदाजाने वाचावा लागतो. मला आधी हे निष्काळजी हाताळणीचे लक्षण वाटत असे. खरे कारण नाण्याच्या धातूत आहे.

अँटनीच्या या नाण्यांत चांदीचे प्रमाण त्या काळच्या इतर डिनेरियसपेक्षा कमी होते. त्याने डिनेरियसमध्ये लोखंड मिसळले असे रोमन लेखक थोरल्या प्लिनीने लिहून ठेवले आहे. आधुनिक पृथक्करणात मिसळ तांब्याची दिसते, परंतु चांदी हिणकस असल्याची ख्याती प्राचीन काळीच होती हे त्यावरून स्पष्ट होते. पुढे नीरोने इ.स. 64 च्या सुमारास एका रोमन पौंडात 84 ऐवजी 96 डिनेरियस पाडण्यास सुरुवात केली, म्हणजे नाण्याचे वजन सुमारे 3.9 ग्रॅमवरून 3.4 ग्रॅमवर आले, आणि चांदीची शुद्धताही उतरली. तेव्हापासून जुनी, जड व शुद्ध नाणी लोक बाजूला काढू लागले, ती वितळवली जाऊ लागली, आणि ट्राजनने तर झिजलेली जुनी नाणी वितळवून घेतल्याची नोंद इतिहासकार डिओ कॅसियसने केली आहे. अँटनीच्या हिणकस नाण्यांना वितळवण्यात मात्र कोणालाच लाभ नव्हता, म्हणून ती चलनात फिरतच राहिली. तिसऱ्या शतकात पुरलेल्या साठ्यांतही ती सापडतात, याचा अर्थ काही नाणी दोनशे वर्षांहून अधिक काळ हातोहात फिरली. मार्कस ऑरेलियस आणि त्याचा सहसम्राट लुशियस व्हेरस यांनी तर सहाव्या दलाच्या या नाण्याची स्मरणार्थ प्रतिकृती पाडली, इतके ते लोकांच्या परिचयाचे राहिले होते.

हे समजल्यानंतर मी शोधाची पद्धत बदलली. चांगल्या प्रतीचे अँटनीचे नाणे म्हणजे पाडल्यानंतर लवकरच जमिनीत गेलेले आणि पुढे कोणी परत न काढलेले नाणे, हे लक्षात ठेवून मी केवळ वजन आणि पृष्ठभाग पाहू लागलो. पूर्ण झिजलेली नाणी बहुधा तीन ग्रॅमच्या आसपास किंवा खाली भरतात. मी घेतलेले पाचव्या दलाचे नाणे 3.61 ग्रॅमचे आहे, नौकेवरील वल्ही स्वतंत्र मोजता येतात, आणि गरुडाचे पंख भिंगाखाली स्पष्ट दिसतात. नौकेच्या वरच्या रिकाम्या जागेत अर्धचंद्राच्या आकाराचा एक लहानसा ठोका आहे. तत्कालीन सराफांनी नाण्याच्या आतला धातू तपासण्यासाठी मारलेल्या अशा खुणांमुळे किंमत उतरते, आणि कित्येक संग्राहक अशी नाणी टाळतात. मला ती खूण दोष वाटत नाही. हे नाणे कोणीतरी संशयाने हातात घेतले, तपासले आणि स्वीकारले, याचा तो पुरावा आहे. म्हणून मी ते आनंदाने घेतले.

डोमिशियनच्या बाबतीत प्रश्न झिजेचा नव्हता, निवडीचा होता. या सम्राटाने मिनर्व्हा देवीला आपली संरक्षक मानले आणि त्याच्या डिनेरियसवर तिची चार ठरावीक रूपे वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा येतात, त्यामुळे नाण्याचा काळ ठरवण्यासाठी चित्रापेक्षा पदव्यांचे आकडे वाचावे लागतात. माझ्या नाण्यावर ट्रिब्यूनच्या, म्हणजे लोकांच्या प्रतिनिधीच्या, अधिकाराचे दहावे वर्ष आणि सेनापतिपदाचा एकविसावा जयघोष नोंदलेला आहे, म्हणजे ते इ.स. 90-91 मधील आहे. डोमिशियनने इ.स. 82 मध्ये चांदीची शुद्धता वाढवली आणि 85 मध्ये पुन्हा खाली आणली; माझे नाणे त्या दुसऱ्या टप्प्यानंतरचे असले तरी त्याच्या चेहऱ्याचे कोरीवकाम माझ्या संग्रहातील सर्वांत सुरेख आहे. अक्षरे मात्र उजवीकडे काठाबाहेर गेली आहेत, कारण ठसा चकतीच्या मध्यावर बसलेला नाही. मध्य साधलेले पण चेहरा मठ्ठ असलेले दुसरे एक नाणे त्याच किमतीत उपलब्ध होते. दोन्हींची छायाचित्रे मी दहा दिवस शेजारी ठेवून पाहिली आणि चेहऱ्याच्या बाजूने निर्णय घेतला. ठशाचे कौशल्य आणि ठोक्याची अचूकता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि झीज ही तिसरी. विक्रेते प्रतीचे एकच नाव देऊन या तिन्ही एकत्र बांधतात, तेव्हा आपण त्या सुट्या करून पाहिल्या पाहिजेत.

व्यक्तिचित्रांकडे माझी नजर वळली ती मात्र रोमन नाण्यांमुळे नव्हे. मी नाशिकचा, आणि जोगळटेंभी येथे 1906 मध्ये सापडलेल्या क्षत्रप राजा नहपानाच्या चांदीच्या नाण्यांविषयी शाळेपासून ऐकत आलो आहे. तेरा हजारांहून अधिक नाण्यांच्या त्या साठ्यातील नऊ हजारांपेक्षा जास्त नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारला होता. खालचा चेहरा आणि वरचा छाप असे दोन थर वेगळे वाचण्याचा सराव मी त्या नाण्यांच्या छायाचित्रांवरच केला, आणि डोमिशियनच्या नाण्यावर नाकाजवळ दिसणारी दुहेरी रेषा म्हणजे ओरखडा नसून ठोक्याच्या वेळी हललेला ठसा आहे, हे ओळखताना तो सराव कामी आला.

सेप्टिमियस सेव्हेरसचे नाणे तुलनेने सहज मिळाले. ‘फुंदातोर पाकिस’, म्हणजे शांतीची प्रतिष्ठापना करणारा, असा लेख असलेले, हातात फांदी धरलेल्या आणि डोक्यावरून वस्त्र घेतलेल्या सम्राटाचे हे नाणे जवळजवळ न वापरल्यासारखे आहे आणि त्याची किंमत अँटनीच्या नाण्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी पडली. सेव्हेरसने शुद्धता निम्म्याच्या आसपास आणली होती, तरी पुढे त्याचा मुलगा कॅराकॅलाने 215 मध्ये किरणांच्या मुकुटाचे नवे नाणे आणले आणि ते झपाट्याने हिणकस होत गेले, तेव्हा लोकांना सेव्हेरसची चांदीही राखून ठेवण्याजोगी वाटू लागली. बल्गेरियातील रेका देव्निया येथे 1929 मध्ये मिळालेल्या साठ्यातून ऐंशी हजारांहून अधिक डिनेरियस नोंदले गेले. अशा साठ्यांमुळेच या काळातील उत्तम प्रतीची नाणी आज सामान्य संग्राहकाच्या आवाक्यात आहेत. एका कारकिर्दीत जी प्रत साधारण समजावी, तीच दुसऱ्या कारकिर्दीत असामान्य ठरते, हे या दोन नाण्यांच्या खरेदीतून मला पुरते उमगले.

आता परत केलेल्या नाण्याविषयी. टायबेरियसचे बसलेल्या स्त्रीचे नाणे, जिला अनेक जण त्याची आई लिव्हिया मानतात, ते आजच्या फ्रान्समधील ल्यों येथील टाकसाळीत पडले आणि बायबलमध्ये येशूला दाखवलेले कराचे नाणे तेच असावे अशी परंपरागत समजूत असल्यामुळे त्याला नेहमीच मागणी असते. एका विक्रेत्याकडून मी ते छायाचित्रावरून घेतले. हातात आल्यावर वजन 3.29 ग्रॅम भरले; इतकी कमी झीज दिसणाऱ्या टायबेरियसच्या नाण्याकडून मी 3.6 ग्रॅमच्या पुढची अपेक्षा करतो. दहा पट भिंगाखाली पाहिल्यावर चेहऱ्याभोवतीची सपाट जागा एकाच दिशेच्या बारीक रेषांनी भरलेली दिसली आणि अक्षरांच्या कडा नव्याने टोकदार केलेल्या आढळल्या. खड्डे पडलेला पृष्ठभाग घासून सपाट केला होता, आणि त्यातच वजन गेले होते. विक्रेत्याने तक्रार न करता पैसे परत दिले, परंतु वर्णनात या दुरुस्तीचा उल्लेख नव्हता याचे मला वाईट वाटले. दोन हजार वर्षे टिकलेल्या पृष्ठभागाची अशी हानी कशानेही भरून येत नाही.

नव्या संग्राहकांनी एक सवय जाणीवपूर्वक सोडावी अशी माझी विनंती आहे. आपल्याकडे नाणे वाजवून पाहण्याची जुनी रीत आहे आणि ‘खणखणीत नाणे’ हा शब्दप्रयोग तिच्यातूनच आला, परंतु प्राचीन चांदी जमिनीत राहून आतून स्फटिकासारखी ठिसूळ झालेली असू शकते आणि फरशीवर पडलेले डिनेरियस काचेसारखे दुभंगते. नाणे कडेने धरावे, खाली मऊ कापड असावे, आणि मऊ पीव्हीसीच्या पाकिटांत ते ठेवू नये, कारण त्या प्लास्टिकमधून सुटणाऱ्या द्रव्यांमुळे हिरवट चिकट थर चढतो. माझी नाणी लाकडी खणांत, फेल्टच्या चकत्यांवर आहेत. त्यांवर हळूहळू चढणारी करडी-निळसर झाक मी कधीही काढत नाही.

ऑगस्टसच्या नाण्याबाबत मागील नोंदीत राहून गेलेली एक गोष्ट येथे जोडतो. गायस आणि लुशियस या त्याच्या दत्तक पुत्रांचे, मध्ये ढाली व भाले असलेले ते नाणे दक्षिण भारतात मोठ्या संख्येने सापडते, आणि त्याच्या भारतीय प्रतिकृतीही आढळतात. भारतात शंभर वर्षांहून जुन्या नाण्याला 1972 च्या कायद्याने पुरावस्तूचा दर्जा आहे आणि ती खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. त्यामुळे मी ब्रिटनमध्ये राहून खरेदी करत असताना कोणी एखादे नाणे भारतीय साठ्यातील असल्याचे सांगितले आणि कायद्यापूर्वीचा कागद दाखवला नाही, तर कितीही सुंदर असले तरी ते सोडून देतो. माझ्या नाण्यासोबत युरोपातील एका जुन्या संग्रहाची हस्तलिखित चिठ्ठी आहे आणि ती मी नाण्याइतकीच जपतो.

गॉर्डियनसाठी हातात मशाल घेतलेल्या डायानाचे डिनेरियस नजरेसमोर आहे. किरणांच्या मुकुटाच्या नाण्यांनी बाजार भरलेला असताना 240 च्या सुमारास पाडलेल्या या छोट्या मालिकेनंतर डिनेरियस नित्य चलनातून मागे पडले. येत्या लिलावातील एका नाण्याचे वजन आणि कडेचे छायाचित्र मी मागवले आहे. ते आल्यावरच बोली लावायची की नाही हे ठरवेन.