टॉवर सर्व्हरची पुढची नोंद: प्रॉक्समॉक्सचा एंटरप्राइझ रेपो सोडला

दाजींच्या अंबडच्या वर्कशॉपमधला ड्युअल झिऑन (दोन प्रोसेसरचा) टॉवर आता कायमचा इंदिरानगरला, आमच्या जिन्याखालच्या कोनाड्यात आलाय. त्यांचं ड्रॉइंग आणि हिशेबाचं काम दुसरीकडे गेलं, तेव्हा "घेऊन जा, इथं कूलंटच्या वाफेत सडेल नुसतं" म्हणाले. मशीनबरोबर प्रॉक्समॉक्स व्हीई ८ (एका मशीनमध्ये अनेक व्हर्च्युअल मशीन चालवणारी सिस्टीम) आला आणि त्याचं सबस्क्रिप्शनही. मुदत या महिन्यात संपत होती. रिन्यू करायचा प्रश्नच नव्हता. सबस्क्रिप्शन दर सीपीयू सॉकेटमागे, दर वर्षी लागतं, आणि इथे दोन सॉकेट भरलेले. सगळ्यात खालच्या कम्युनिटी पातळीचा दरसुद्धा एका सॉकेटला शंभर युरोच्या वर, आणि त्यात तिकीट टाकून मदत मागायची सोय नाही ती नाहीच. घरचे फोटो, सिनेमे-गाण्यांचा जेलीफिन आणि बाबांचे सातबारे सांभाळायला एवढा खर्च घरात कोणाला पटवून सांगू?

दाजींचा फोन आलाच. "अरे, एकतीस तारखेला संपतंय म्हणे. मशीन बंद पडणार का?"

"नाही दाजी. सगळं आहे तसं चालू राहतं. फक्त त्यांच्याकडचे अपडेट यायचे थांबतात."

"मग आम्ही पैसे कशाचे भरत होतो?"

या प्रश्नाचं नीट उत्तर द्यायचं तर थोडं मागे जावं लागतं. प्रॉक्समॉक्सची 'फ्री एडिशन' अशी वेगळी काही वस्तू नाही. आयएसओ तीच, कोड तोच, लायसन्स एजीपीएल व्ही३. क्लस्टर, लाइव्ह मायग्रेशन, झेडएफएस (डिस्क सांभाळणारी फाइल सिस्टीम), बॅकअप यातलं काहीही पैशाच्या कुलपात नाही. व्हीएमवेअर या स्पर्धकाकडून आलेल्यांना हे पटायला वेळ लागतो, कारण तिकडचा अनुभव वेगळा: त्यांचा फुकटचा ईएसएक्सआय फेब्रुवारी २०२४ मध्ये बंद झाला आणि एप्रिल २०२५ मध्ये ८.० अपडेट ३ई बरोबर परत आला. इकडे फरक फक्त पॅकेज कुठल्या रेपोतून, म्हणजे अपडेटच्या कोठारातून, येतं एवढाच. नवीन पॅकेज आधी टेस्ट रेपोत पडतं, मग नो-सबस्क्रिप्शनमध्ये येतं आणि तिथे लोकांनी वापरून झाल्यावर पैसे भरणाऱ्यांच्या एंटरप्राइझमध्ये जातं. म्हणजे दाजी पैसे भरत होते ते मुरलेल्या लोणच्याचे. कैरी सगळ्यांना तीच. आता मुरवायचं काम माझ्याकडे आलं, आणि खरा वेळ त्यातच गेला. रेपो बदलणं हे दोन क्लिकचं काम आहे.

ते दोन क्लिक आधी उरकून टाकतो. वेब स्क्रीनवर नोड निवडायचा, अपडेट्सखाली रिपॉझिटरीज. एंटरप्राइझची ओळ निवडून डिसेबल, मग अ‍ॅड दाबून यादीतून नो-सबस्क्रिप्शन. खाली पिवळा इशारा येतो की हा रेपो प्रॉडक्शनसाठी सुचवलेला नाही. येऊ द्या, तो राहणारच. सेफचा (अनेक मशीनवर पसरणाऱ्या स्टोरेजचा) एंटरप्राइझ रेपो मात्र वेगळा असतो आणि तो बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. आपण सेफ वापरत नसलो तरी ८ च्या इन्स्टॉलरने ती फाइल टाकलेली असते, आणि सबस्क्रिप्शनची चावी (की) गेली, तर पॅकेज आणणारी 'एपीटी अपडेट' ही कमांड तिथेही ४०१ अनऑथराइज्ड म्हणून ओरडते. तीही ओळ डिसेबल करायची. शेवटी सबस्क्रिप्शनच्या पानावरून जुनी की काढून टाकायची. टर्मिनलवाल्यांना 'पीव्हीईसबस्क्रिप्शन डिलीट' आहे.

नो-सबस्क्रिप्शन रेपो एचटीटीपीवर आहे, एचटीटीपीएसवर नाही, म्हणून पुष्कळ जण बिचकतात. पॅकेजची यादी सहीनिशी येते आणि एपीटी ती सही तपासतं. वाटेत कोणी फाइल बदलली तर ती इन्स्टॉल होत नाही. एंटरप्राइझला एचटीटीपीएस लागतं कारण तिथे की पाठवून ओळख पटवावी लागते.

दिशेचाही मुद्दा आहे. एंटरप्राइझकडून फुकटच्या रेपोकडे येणं हा उतार आहे, कारण इथली पॅकेजेस तेवढीच किंवा जास्त नवी असतात. उलट जायचं असेल तर आपल्याकडची आवृत्ती पुढे आणि एंटरप्राइझ मागे अशी गंमत होते. तोडफोड काही होत नाही, तो रेपो आपल्याला गाठेपर्यंत नुसतं बसून राहायचं.

आणि "डेबियनचे सिक्युरिटी अपडेट तर येतातच की, मग रेपो कशाला बदलायचा" हे कोणी म्हणालं तर ऐकू नका. डेबियन म्हणजे प्रॉक्समॉक्सच्या खालचं लिनक्स. ते अपडेट डेबियनच्या स्वतःच्या सर्व्हरवरून येतात आणि सबस्क्रिप्शन संपलं तरी येत राहतात, हे खरं. पण कर्नल (सिस्टीमचा गाभा) आणि क्यूईएमयू (व्हर्च्युअल मशीन चालवणारा प्रोग्राम) प्रॉक्समॉक्सचे असतात, आणि व्हर्च्युअल मशीनची भिंत सांभाळणारे हेच दोघे. तेच जुने राहिले तर बाकीचं ताजं असून काय उपयोग?

आता मुरवण्याचं. अपडेट चालवायच्या आधी सगळ्या व्हर्च्युअल मशीन आणि कंटेनरचा (त्यांच्याहून हलक्या कप्प्यांचा) बॅकअप प्रॉक्समॉक्स बॅकअप सर्व्हरवर घेतला, व्हेरिफाय चालवलं, आणि पेपरलेस या कागद साठवणाऱ्या प्रोग्रामचा कंटेनर नव्या आयडीखाली रिस्टोर करून उघडून बघितला. तोच निवडला कारण त्यात बाबांचे गावाकडचे कागद आहेत आणि ते गेले तर माझी खैर नाही. स्कॅनमधली अक्षरं ओळखणाऱ्या टेसरॅक्टला मराठी भाषा लावली की छापील सातबारा बऱ्यापैकी वाचतो. जुन्या हस्तलिखित फेरफारांपुढे मात्र तो हात टेकतो, तिथे गट नंबर मी हाताने भरलेत. रिस्टोर केलेल्या प्रतीत एक गट नंबर शोधला, कागद वर आला, पुढे निघालो.

हा बॅकअप पाहुण्यांचा झाला, यजमानाचा नाही. व्हर्च्युअल मशीनच्या बॅकअपमध्ये होस्टची स्वतःची मांडणी येत नाही. 'ईटीसी'खालचं 'पीव्हीई' फोल्डर खऱ्या डिस्कवरचं फोल्डर नसून एका छोट्या डेटाबेसवरून दिसणारं रूप आहे, आणि तो डेटाबेस 'व्हार, लिब, पीव्हीई-क्लस्टर' या वाटेवर 'कॉन्फिग डॉट डीबी' नावाने बसलेला असतो. तो, नेटवर्कची इंटरफेसेस फाइल आणि फोल्डरची एक प्रत असं सगळं बांधून दुसऱ्या मशीनवर टाकलं. रूट झेडएफएसवर आहे म्हणून त्याचा स्नॅपशॉटही घेतला. पण त्या स्नॅपशॉटवर डोळे झाकून विसंबू नका. प्रॉक्समॉक्सचं बूट-टूल कर्नल वेगळ्या ईएफआय पार्टिशनवर कॉपी करतं, आणि ते पार्टिशन झेडएफएसच्या पूलच्या (डिस्कसमूहाच्या) बाहेर असतं. रोलबॅक केला तर रूट मागे जाईल, कर्नल जागच्या जागी.

सगळ्यात जास्त धास्ती नेटवर्क कार्डाची होती. नवा कर्नल आला की कार्डाचं नाव बदलू शकतं, ६.८ कर्नलच्या वेळी खुद्द प्रॉक्समॉक्सच्या रिलीज नोट्समध्ये तसा इशारा होता. ब्रिजच्या (व्हर्च्युअल मशीन नेटवर्कला जोडणाऱ्या पुलाच्या) फाइलमध्ये जुनं नाव आणि कार्डाला नवं नाव, की मशीन मस्त चालू होतं आणि कोणालाच दिसत नाही. म्हणून आधीच मॅक पत्त्यावरून नाव पक्कं करणारी सिस्टमडीची लिंक फाइल लिहून ठेवली. एमजी रोडवरून व्हीजीए केबल आणली आणि जुना मॉनिटर जिन्याखाली लावून ठेवला.

मग 'एपीटी डिस्ट-अपग्रेड'. साधं अपग्रेड नको, कारण एखादं जुनं पॅकेज काढायची वेळ आली की ते अडून बसतं आणि सिस्टीम अर्धी इकडे, अर्धी तिकडे राहते. यादी बघितली: पीव्हीई-मॅनेजर, क्यूईएमयू, विजेट टूलकिट (वेब स्क्रीनचे भाग), नवा कर्नल. काढल्या जाणाऱ्यांत 'प्रॉक्समॉक्स-व्हीई' हे नाव दिसलं तर तिथेच हात आखडायचा, ते निघालं की सगळं निघालं. माझ्या यादीत काढायचं काहीच नव्हतं. रीबूटला या टॉवरचे पंखे आधी विमानासारखे घोंघावतात, मग ईसीसी रॅम मोजत तो बराच वेळ काळ्या स्क्रीनवर बसतो. आतून आईचा आवाज: "काय भरडतोयस रे?" वेब स्क्रीन आली, कार्डाचं नाव तेच, कंटेनर एकामागून एक हिरवे झाले.

लॉगिनला आता 'नो व्हॅलिड सबस्क्रिप्शन'ची खिडकी येते. ती घालवायला जावास्क्रिप्टच्या फाइलमध्ये एक ओळ बदलायचे उपाय सगळीकडे फिरतात. विजेट टूलकिटचा पुढचा अपडेट आला की तो बदल पुसला जातो, आणि तोपर्यंत आपण रूट म्हणून कोणाची तरी स्क्रिप्ट चालवून मोकळे झालेलो असतो. एका क्लिकसाठी ही उठाठेव मला पटत नाही. शिवाय फुकट वापरतोय तर रोज एकदा आठवण करून दिली त्यांनी, काय बिघडलं?

यापुढचा शिरस्ता असा. अपडेटची यादी दिसली तरी लगेच हात लावायचा नाही. आधी बॅकअप सर्व्हरच्या मिनी पीसीवर, कारण तो पडला तरी घरात कोणाचं अडत नाही. मग काही दिवस थांबून टॉवरवर. चाललेला कर्नल 'बूट-टूल कर्नल पिन'ने बांधून ठेवलाय, नवा आला तरी मी सोडवल्याशिवाय तो बूट होणार नाही. बॅकअप सर्व्हरचा रेपो वेगळा आणि त्याची कीही वेगळी असते, त्यामुळे तिथेही नो-सबस्क्रिप्शन वेगळं लावावं लागलं. असा दुसरा पीसी नसलेल्या, एकच डबा असलेल्यांनी निदान बॅकअप आणि अपडेट एकाच रात्री उरकू नये, मध्ये बॅकअप तपासायला वेळ ठेवावा.

दाजींना मात्र सांगितलंय की वर्कशॉपला पुन्हा सर्व्हर घेतलात तर सबस्क्रिप्शन घ्या. तिथे मशीन बंद म्हणजे ऑर्डर बंद, आणि थांबून बघत बसायला तिथे माणूस नाही.

आता पुढचं काम प्रॉक्समॉक्स ९. आठला अपडेट ऑगस्ट २०२६ पर्यंतच आहेत. नऊ डेबियन १३ वर चालतो आणि त्यात रेपोच्या फाइल नव्या पद्धतीने लिहितात, म्हणजे आज टाकलेल्या ओळी तेव्हा परत लिहायच्या. 'पीव्हीई८टू९' तपासणी चालवून ठेवलीय, लाल काही नाही. त्याआधी दुसरा झिऑन काढून बघायचा विचार आहे. रिकामं बसूनही टॉवर शंभरेक वॉट खातो, म्हणजे महिन्याला ७० च्या वर युनिट. अडचण अशी की दुसरा सीपीयू काढला की त्याच्या बाजूचे रॅमचे स्लॉट आणि काही पीसीआयई स्लॉटही मरतात, आणि डिस्क जोडणारं माझं एचबीए कार्ड नेमकं त्यातल्याच एकात बसलंय. कार्ड पहिल्या सीपीयूच्या स्लॉटमध्ये हलवलं तर झेडएफएस पूल डिस्क आयडीवरून उचलेल, तिथे काळजी नाही. पण त्या स्लॉटला कार्ड लांबीने बसतं का, हे येत्या रविवारी डबा उघडूनच कळेल.