मणिबेलीच्या वाटेवर: नर्मदाकाठी मदत घेऊन जाणाऱ्यांसाठी

थंडी पडली की जळगाव-धुळ्याकडून कोणी ना कोणी गाडी भरून कपडे, ब्लँकेटं घेऊन सातपुड्यात जातं. मी उन्हाळ्यात नर्मदाकाठची गावं फिरून आले. कसं जायचं, ते पुढे सांगते. त्याआधी तुम्ही कोणाच्या दारात चाललाय, तेवढं ऐका.

जागतिक बँक, मानवी हक्क, परदेशी मदत हे शब्द आपण दूरदेशीच्या बातम्यांत ऐकतो. पण बँकेला सगळ्यात मोठा धडा दिला तो आपल्याच नंदुरबार जिल्ह्याने. नर्मदेवरच्या सरदार सरोवर धरणासाठी बँकेने १९८५ मध्ये ४५ कोटी डॉलरचं कर्ज दिलं. महाराष्ट्रातली ३३ गावं बुडितात आली, सगळी अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली. अक्कलकुव्यातलं मणिबेली धरणाच्या अगदी जवळ, म्हणून पाणी आधी तिथे शिरलं. लोक हटले नाहीत. त्यांचा लढा इतका गाजला की बँकेला स्वतंत्र समिती नेमावी लागली. ब्रॅडफर्ड मोर्स यांच्या त्या समितीने १९९२ मध्ये स्पष्ट लिहिलं: या परिस्थितीत विस्थापितांचं पुनर्वसन होणं शक्य नाही, बँकेने मागे व्हावं. १९९३ मध्ये भारताने उरलेलं कर्ज नाकारलं, आणि त्याच वर्षी बँकेने इन्स्पेक्शन पॅनेल स्थापन केलं. बँकेच्या पैशातून झालेल्या प्रकल्पाची झळ बसलेले जगातले कुठलेही लोक आज तिथे थेट तक्रार करू शकतात. १९९४ मध्ये जगभरच्या संघटनांनी मोठ्या धरणांना पैसा देणं थांबवा असं बँकेला बजावलं, त्या जाहीरनाम्याला नाव दिलं मणिबेलीचं.

आता वाट. जळगाव-भुसावळकडच्यांनी सुरत मार्गावरची गाडी धरून अमळनेर, दोंडाईचा करत नंदुरबारला उतरावं. तिथून प्रकाशा, शहादा, म्हसावद आणि मग घाट चढून धडगाव. तळोद्याहून चांदसैली घाटानेही धडगाव गाठता येतं, पण पावसाळ्यात त्या घाटात दरडी कोसळतात. २०२१ मध्ये रस्ता बंद झाल्यामुळे आजारी बायकोला खांद्यावर घेऊन निघालेल्या नवऱ्याची बातमी आठवत असेल. ती बाई वाचली नाही. पावसाळ्यात हौसेने तिकडे गाडी घालू नका. तुमची अडकलेली गाडी म्हणजे एखाद्या पेशंटचा अडलेला रस्ता. मणिबेलीला मोलगीच्या बाजूने डोंगर तुडवत किंवा गुजरातेतल्या केवडियाकडून जाता येतं. दोन्हीकडे गावचा माणूस सोबत हवाच.

काठच्या पाड्यांवर जायचा पुढचा प्रवास धरणाच्या पाण्यातून. सप्टेंबर-ऑक्टोबरात जलाशय तुडुंब असतो, बार्ज, म्हणजे मोठी सपाट बोट, पाड्याच्या जवळ लागते. उन्हाळ्यात पाणी उतरतं आणि काठाला गाळ उरतो. वरून वाळलेला दिसतो, पाय ठेवला की गुडघ्यापर्यंत आत. स्थानिक माणूस जिथे पाय ठेवेल तिथेच ठेवा. जानेवारी २०१९ मध्ये, संक्रांतीच्या दिवशी, भुषाजवळ बोट उलटून माणसं दगावली, त्यात लहान मुलं होती. लाइफ जॅकेट घातल्याशिवाय बोटीत बसू नका. जॅकेटं नसतील तर परत फिरा. आणि काही न्यायचंच असेल, तर मुलांच्या मापाची चांगली जॅकेटं न्या.

एका पाड्यावर उतरले तेव्हा अंगणभर कैरीच्या फोडी आमचूरसाठी वाळत होत्या. सोलून-सोलून बायकांची बोटं काळी पडलेली. ज्यांच्या घरी मी टेकले, त्या आजींनी पाणी दिलं आणि आढ्याच्या बांबूला टांगलेली प्लास्टिकची पिशवी काढली. आत कागदच कागद: मोजणीचा उतारा, वनहक्काचा दावा, अर्जांच्या पोचपावत्या, घड्यांवर फाटलेल्या. मोठ्या मुलाचं नाव घोषित, म्हणजे सरकारने मान्य केलेल्या विस्थापितांच्या यादीत, धाकट्याचं अघोषित. पाण्याने वेढलेला जमिनीचा तुकडा अजून हिशेबात नाही. त्याला ते टापू म्हणतात. "ताई, कपडे मस लोक आणतात," आजी म्हणाल्या. "हा कागद वाचून कोणी सांगत नाही."

नर्मदेच्या पाणीतंट्यासाठी नेमलेल्या लवादाने १९७९ मध्येच ठरवलं होतं, जमिनीच्या बदल्यात जमीन, आणि तीही पाणी येण्याआधी. धरण २०१७ मध्ये पूर्ण झालं, २०१९ मध्ये काठोकाठ भरलं. काही कुटुंबांचे कागद अजून पिशवीतच आहेत. मला याचा राग येतो आणि तो यावाच. आपत्तीतल्या मदतीसाठी जगभर 'स्फिअर' नावाची मानकं वापरतात. संकटात सापडलेल्याला सन्मानाने जगण्याचा आणि मदत मिळण्याचा हक्क आहे, हाच त्यांचा पाया. म्हणजे मदत हा उपकार नाही. मग रांगेत उभं करून, ब्लँकेट हातात देताना फोटो काढणं आपल्याला शोभत नाही. कृपा करून ते बंद करा.

निघायच्या आधी गावच्या सरपंचांशी किंवा जीवनशाळेच्या (नर्मदा बचाव आंदोलनाने गावात काढलेल्या शाळेच्या) गुरुजींशी फोनवर बोला आणि काय हवं ते त्यांनाच विचारा. कायद्याचं किंवा महसुलाचं जाणणारा एखादा वकील, निवृत्त तलाठी, कॉलेजची चार पोरं सोबत घ्या. अर्ज लिहायला, वाचून दाखवायला माणसं लागतात. कोणाचाही मूळ कागद घरी आणू नका, तिथेच मोबाइलवर फोटो काढा आणि ज्याचा त्याला परत द्या. त्या फोटोला घरमालकाची परवानगी घ्या. पावरी किंवा भिलोरी बोलणारा सोबत असला तर बायका मोकळेपणी बोलतात, नाहीतर पुरुषच उत्तरं देतात.

रेंज बऱ्याच पाड्यांवर नाही, पैसे रोख ठेवा. आमचूर आणि मोलगीची भगर तिथेच विकत घ्या, घासाघीस न करता. धडगावहून परतीची शेवटची एसटी कधी आहे ते सकाळी उतरल्या उतरल्याच स्टँडवर विचारून घ्या. ती चुकली तर मुक्काम करावा लागेल.