बॉयलर हीटिंगचा, पाइप प्लंबिंगचा

तळघरात वाफेचा बॉयलर असलेलं जुनं घर घेत असाल, तर होम वॉरंटीच्या (घरातल्या यंत्रणांच्या दुरुस्तीसाठी पैसे भरून केलेल्या कराराच्या) कागदावर 'बॉयलर' असा शब्द आहे म्हणून निर्धास्त राहू नका. बॉयलरला जोडलेला, फरशीवरून जाणारा एक गंजका पाइप नक्की कोणाच्या खात्यात येतो, हे ठरण्यात माझे बारा दिवस गेले. जानेवारीतले बारा दिवस, आणि शेवटी उत्तर आलं ते 'कोणाच्याच नाही'.

आमचं घर न्यू जर्सीत ब्लूमफिल्डला आहे, १९२६ सालचं. एडिसन गावाकडची आमची मित्रमंडळी नव्या घरांत राहते, त्यांच्याकडे गरम हवा सोडणारे फर्नेस. त्यांना अडचण सांगितली की ठरलेला प्रश्न येतो, "फिल्टर बदललास का?" आमच्याकडे फिल्टर नाही, पंखा नाही, पंपसुद्धा नाही. गॅसवर पाणी उकळतं, वाफ आपली आपण वर चढते, रेडिएटरमध्ये गार होऊन तिचं पाणी होतं आणि ते त्याच पाइपातून उतारानं खाली येतं. तळघरात मग एक आडवा पाइप ते बॉयलरच्या बुडाशी नेऊन सोडतो. हा पाइप बॉयलरमधल्या पाण्याच्या पातळीच्या खाली असतो, त्यामुळे बारा महिने भरलेला. इथे त्याला 'वेट रिटर्न' म्हणतात. गंज आणि गाळ बसायला याच्याइतकी सोयीची जागा दुसरी नाही.

बॉयलरला बाहेरून काचेची उभी नळी असते, तिच्यात पाणी निम्म्याच्या थोडं वर दिसायला हवं. आधी मी तीन-चार आठवड्यांतून एकदा पाणी घालायचे. डिसेंबर संपता संपता एक दिवसाआड घालायला लागले आणि तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. एका सकाळी घर ५४ फॅरनहाइटवर आलं, बाहेर ११. पाणी कमी झालं म्हणून बॉयलरनं स्वतःच गॅस बंद केला होता. त्या कटऑफला मी तेव्हा शिव्या घातल्या, पण तो नसता तर बॉयलरचं कोरडं बीड (ओतीव लोखंड) लालभडक तापलं असतं. आणि हो, असं कधी झालंच तर तापलेल्या बॉयलरमध्ये घाईनं गार पाणी सोडू नका. बीड तडकतं. पूर्ण गार होऊ द्या, मुलांना दोन स्वेटर घाला.

माझे वडील सांगली जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात बॉयलर अटेंडंट होते. व्हिडिओ कॉलवर त्यांना सगळं दाखवलं.

"प्रेशर किती हाय?"

"दीड पीएसआय, अण्णा."

"दीड? अगं, तुझा कुकर ह्याच्या धापट असतोय. ह्याला बॉयलर म्हणत्यात व्हय?" मग हसणं थांबवून म्हणाले, "गेज ग्लास खाली उतरतोय म्हंजे पाणी कुठंतरी जातंय. बॉयलर पाणी पीत न्हाई. सगळ्या पाइपाखाली पेपर आंथर आन् सकाळी बघ."

देशी दुकानांतून येणारी सेलची पत्रकं अंथरली. सकाळी वॉशिंग मशीनमागच्या कोपऱ्यात तांदळाचा सेल भिजलेला. तिथल्या एल्बोवर (पाइप वळवणाऱ्या कोपऱ्याच्या जोडावर) पांढरट-तांबूस खपली धरली होती आणि तिच्याखालून थेंब. तिथली फरशी कायम ओली असायची, मी आपली मशीनला दोष देत होते.

इथपर्यंत एक दिवस. आता उरलेले अकरा.

वॉरंटी कंपनीला फोन केला. "हीटिंग चालू आहे का?" म्हटलं, दिवसाआड पाणी घातलं तर चालतं. म्हणजे चालू आहे, म्हणजे इमर्जन्सी नाही. चौथ्या दिवशी हीटिंगचा माणूस आला. त्यानं आधी घरात कोणी पुरुष आहे का ते विचारलं, मग बॉयलर चालू करून पाहिला आणि म्हणाला, बॉयलर उत्तम आहे. मी पाइप दाखवला. "हे प्लंबिंग." भेटीचे ९५ डॉलर घेतले. जाता जाता, एवढं जुनं स्टीम काढून सगळंच नवीन बसवा, असा सल्ला फुकट दिला.

पुन्हा फोन. ४७ मिनिटं तीच एक धून. प्लंबिंगचा क्लेम वेगळा, त्याची तारीख वेगळी, त्याचे ९५ डॉलर वेगळे. आठव्या दिवशी प्लंबर आला. पाइपाकडे वाकूनसुद्धा न बघता, तो कुठून कुठे जातो तेवढं त्यानं पाहिलं. "हा बॉयलरला जातो. हे हीटिंग." मी विचारलं, आत पाणी आहे ना? "आहे, पण ते वाफेचं पाणी."

वाफेचं पाणी! हे मी अण्णांना सांगितलं तर ते अजिबात चकित झाले नाहीत. त्यांच्या कारखान्यात परत येणाऱ्या कंडेन्सेटमध्ये, म्हणजे वाफ गार होऊन झालेल्या पाण्यात, साखर सापडली की बॉयलरवाले मॅन्युफॅक्चरिंगकडे बोट दाखवायचे आणि मॅन्युफॅक्चरिंगवाले बॉयलरकडे. "तवर बॉयलरची वाट लागायची," म्हणाले.

मी कराराची सगळी पानं काढून बसले. हीटिंगच्या पानावर 'बॉयलर व त्याचे भाग'. प्लंबिंगच्या पानावर 'घरातील पाण्याच्या पाइपांची गळती'. दोन्ही वाक्यं मी फोनवर वाचून दाखवली, एकदा शांतपणे आणि एकदा नाही. पलीकडची मुलगी बिचारी गोड बोलत होती, दर वेळी नवी मुलगी आणि दर वेळी मी पहिल्यापासून: वाफ, पाणी, काच, एल्बो. बाराव्या दिवशी सुपरवायझर लाइनवर आले. पाइप हीटिंगचाच आहे, त्यांनी मान्य केलं. मी खुर्चीतून उठलेच. मग ते म्हणाले, पण गंज म्हणजे देखभालीचा अभाव, तो करारात बसत नाही.

या बारा दिवसांत मी जे गार पाणी ओतत होते, त्याचा हिशेब कोणी धरला नाही. ताज्या पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन असतो आणि तो बॉयलर आतून खातो. ज्यांच्याकडे पाणी आपोआप घालणारा फीडर आहे त्यांना तर गळती कळतसुद्धा नाही, काच कायम भरलेली दिसते. महिन्यातून एकदा फीडर बंद करून पातळी उतरते का, ते बघा.

शेवटी गल्लीतल्या एका आजींनी त्यांचा माणूस दिला. सत्तरीचा, एकटा येणारा. फोनवर मी 'लीक' म्हणाले तर तो येणार नव्हता, 'स्टीम, वन-पाइप, वेट रिटर्न' म्हटल्यावर दुसऱ्याच दिवशी आला. (हे शब्द पाठ करा, खरंच सांगते.) एल्बो तेवढा बदला म्हटलं तर मान हलवली. एक जोड फिरवायला गेलं की कुजका पाइप पुढच्या जोडाशी तुटतो. त्यानं सगळा आडवा पाइप कापून काढला. आतली वाट गाळानं बोटाएवढी राहिली होती. एल्बोच्या जागी टी (तीन तोंडांचा जोड) आणि मोकळ्या तोंडाला प्लग बसवले, म्हणजे पुढे गाळ धुऊन काढता येईल, शिवाय खालच्या टोकाला एक कॉक. वरच्या जुन्या पाइपांवर पांढरं प्लास्टरसारखं वेष्टण आहे, त्याला मात्र त्यानं हात लावला नाही आणि मलाही लावू दिला नाही. ते अॅसबेस्टॉस असू शकतं. साडेतीन तास, १,१५० डॉलर, आणि एकदाही घरातल्या पुरुषाची चौकशी नाही.

परतीचा पाइप बॉयलरला थेट बुडाशी न जोडता वर वळवून का आणलाय, तेही त्यानं दाखवलं. याला 'हार्टफर्ड लूप' म्हणतात, कनेटिकटमधल्या एका बॉयलर विमा कंपनीनं रूढ केलेला. परतीचा पाइप फुटला तरी सगळा बॉयलर त्यातून रिकामा होऊ नये म्हणून. शंभर वर्षांपूर्वीच्या विमा कंपनीनं गळक्या पाइपाचा विचार करून ठेवला होता, हे ऐकून मी जरा जास्तच हसले असावे.

त्या रात्री काचेतलं पाणी नाचायला लागलं, दोन-दोन इंच वर-खाली. माझे हातपाय गळाले. भारतात सकाळ होती, अण्णांना लगेच काच दाखवली. "तेल हाय," म्हणाले, "नव्या पाइपाला आटे पाडताना लावत्यात ते. पाण्यावर आलंय. वरनं काढून टाकाय सांग." म्हाताऱ्यानंही नेमकं तेच सांगून ठेवलं होतं, मी गडबडीत विसरले होते. आठवड्यानं येऊन त्यानं पाण्यावरचा तवंग तासभर हळूहळू वाहवून काढला.

आता पाणी महिन्यातून एकदाच घालते. अण्णांना दर रविवारी काचेचा फोटो लागतो, नाही पाठवला तर फोन येतो.