पहिला विनोद कोणी करायचा?

हाड मोडलेल्या माणसाला प्लास्टरपेक्षाही जास्त छळणारी एक गोष्ट असते, ती म्हणजे भेटायला येणाऱ्या प्रत्येकाने खुर्ची पुढे ओढून विचारलेला प्रश्न : ‘‘कसं काय झालं हे?’’ एकच अपघात त्या बिचाऱ्याला येईल त्याच्यापुढे पहिल्यापासून सांगावा लागतो. पण हे सांगणे दोन-चार वेळा नीट कान देऊन ऐकले, तर एरवी डोळ्यांना न दिसणारी सावरण्याची क्रिया तिथे चक्क ऐकू येते. माझी मावशी न्हाणीघरात घसरली आणि मनगट मोडून घेऊन बसली, तेव्हा पहिल्या दिवशीच्या तिच्या हकिकतीत ओली फरशी होती, डोळ्यांपुढची अंधारी होती आणि ‘कोणी हाक ऐकलीच नसती तर?’ या वाक्यापाशी हमखास भरून येणारा गळा होता. काही पाहुणे येऊन गेल्यावर त्या हकिकतीत साबणाच्या वडीला भूमिका मिळाली. पुढे तर तिला नाटकाची बांधणीच आली : साबण निसटतो, मावशी त्याच्या पाठलागावर निघते, साबण कोपऱ्यात सुखरूप पोहोचतो आणि मावशी मात्र... इथे ती क्षणभर थांबायची, प्लास्टरमधला हात पुरावा सादर करावा तसा वर उचलायची आणि म्हणायची, ‘‘पण बादली काही सांडू दिली नाही हं मी!’’

मनगटाचे हाड जुळून यायला साधारण सहा आठवडे लागतात, असे डॉक्टर सांगतात. तक्रारीचा किस्सा व्हायला किती दिवस लागतील, हे मात्र कोणत्याही डॉक्टरला सांगता येत नाही. घडलेली घटना दोन्हींत तीच असते, पण तक्रारीत माणूस घटनेच्या तावडीत असतो आणि किस्स्यात घटना माणसाच्या तावडीत येते. कुठे थांबायचे, कशाला फोडणी द्यायची, कोणता तपशील गाळायचा हे आता तो ठरवतो. पडण्याच्या क्षणी ज्याच्या हातात काहीच नव्हते, त्याच्या हातात सांगताना सगळी सूत्रे असतात, आणि माझ्या मते उभारी धरण्याची सुरुवात बहुतेकदा इतक्या लहानशा अधिकारापासून होते.

मनोविश्लेषणाचा जनक सिग्मंड फ्रॉइड याने 1927 साली विनोदबुद्धीवर एक छोटा निबंध लिहिला. सोमवारी सकाळी फाशी देण्यासाठी बाहेर काढलेला एक कैदी म्हणतो, ‘‘चला, आठवड्याची सुरुवात तर छान झाली!’’ हे त्यातले उदाहरण. एरवी आपल्याला सतत धाकात ठेवणारा, चुका काढणारा मनातला वडीलधारी आवाज अशा वेळी अचानक मायाळू होतो आणि घाबरलेल्या मनाला, लहान मुलाची समजूत घालावी तसे, ‘हे जग दिसते तेवढे भयंकर नाही’ असे सांगतो, अशी त्याची मांडणी होती. फ्रॉइडचे सगळेच काही आज कोणी मान्य करत नाही, मीही करत नाही. पण हे निरीक्षण मला पटते, कारण संकटात आपल्याला सर्वांत कठोर बोल आपणच लावत असतो. त्या आवाजाला एकदा हसू फुटले, की निम्मा भार उतरतो.

मात्र त्या कैद्याचे ते वाक्य जल्लादाने उच्चारले असते तर? शब्द तेच, सोमवार तोच, पण विनोदाचे क्रौर्य झाले असते. विनोदाने दुःख हलके होते असे सरसकट सांगणाऱ्यांच्या नजरेतून नेमके हेच निसटते. ज्याच्यावर बेतले, पहिला विनोद करण्याचा हक्क त्याचा. बाकीच्यांनी आपली पाळी येईपर्यंत थांबायचे असते. माझ्या एका मित्राची अनेक वर्षांची नोकरी एका बैठकीत संपली. त्यानंतर काही दिवसांनी त्याच्या घरी कुरिअरने एक खोके आले. प्रदीर्घ सेवेबद्दल दिले जाणारे भिंतीवरचे घड्याळ, त्याचे नाव कोरलेले, आधीच मागवून ठेवलेले आणि कोणीही रद्द न केलेले. त्याच आठवड्यात आमच्यातल्या एका उत्साही गृहस्थाने त्याला सांगितले, ‘‘बरं झालं, आता वेळच वेळ आहे तुझ्याकडे, घड्याळ उपयोगी पडेल!’’ खोलीत जी शांतता पसरली, ती चांगलीच लक्षात राहिली आहे. काही महिन्यांनी त्याच मित्राने, त्याच खोलीत, त्याच घड्याळाकडे बोट दाखवून तेच वाक्य स्वतःविषयी म्हटले आणि आम्ही सारे हसून हसून बेजार झालो. त्या मधल्या काळात विनोद बदलला नव्हता, त्याची मालकी बदलली होती.

काळाचा हा हिशेब संशोधकांनीही मांडून पाहिला आहे. 2012 च्या ऑक्टोबरअखेरीस अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर सँडी हे चक्रीवादळ धडकले, तेव्हा पीटर मॅग्रॉ आणि त्याच्या सहकाऱ्यांनी वादळावरचे तेच ते विनोद वेगवेगळ्या दिवशी लोकांना वाचायला देऊन ते किती हसू आणतात हे मोजले. हानीचा अंदाज येण्यापूर्वी लोक थोडेफार हसत होते. नुकसान समोर आल्यावर ते हसेनासे झाले. सुमारे पाच आठवड्यांनी हसू सर्वांत जास्त आले आणि तीन महिने उलटल्यावर पुन्हा ओसरले. म्हणजे फार जवळून दुःख हसू देत नाही आणि फार लांबून त्यात हसण्यासारखे काही उरत नाही. अर्थात हे आकडे एका वादळाचे आणि एका विशिष्ट वाचकवर्गाचे आहेत. घरातल्या दुःखाला ते लावून ‘आता पाच आठवडे झाले, हसा पाहू’ असे म्हणणारा माणूस प्लास्टर घालण्याच्या लायकीचा समजावा.

काहींना मात्र आठवड्यांची गरज पडत नाही. 30 मार्च 1981 रोजी अमेरिकेचे रिपब्लिकन पक्षाचे अध्यक्ष रोनाल्ड रीगन यांना गोळी लागली. शस्त्रक्रियेआधी त्यांनी भोवतीच्या डॉक्टरांना म्हटले, ‘‘तुम्ही सगळे रिपब्लिकन असाल अशी आशा आहे.’’ त्यावर, स्वतः विरोधी विचारांच्या असलेल्या एका शल्यविशारदाने उत्तर दिले, ‘‘आज आम्ही सगळेच रिपब्लिकन आहोत.’’ रीगन यांच्या राजकारणाविषयी कोणाचे काहीही मत असो, या संवादातला क्रम पाहण्यासारखा आहे. रुग्णाने दार उघडले, मगच डॉक्टर आत आले.

हसण्याच्याही दोन जाती असतात, हे ड्युशेन या फ्रेंच वैद्याने 1862 साली दाखवून दिले. गालांचे स्नायू हुकमी ओढता येतात, पण डोळ्यांभोवतीचा स्नायू मनापासून हसू आल्याखेरीज सहसा साथ देत नाही. पुढे 1997 मध्ये डॅकर केल्टनर आणि जॉर्ज बोनॅनो या मानसशास्त्रज्ञांनी, जोडीदार गमावून सुमारे सहा महिने झालेल्या माणसांच्या मुलाखतींत नेमका हा फरक तपासला. गेलेल्या माणसाविषयी बोलताना ज्यांच्या डोळ्यांपर्यंत हसू पोहोचले, त्यांच्यात राग कमी आढळला आणि त्यांचे इतरांशी असलेले संबंधही अधिक चांगले होते. नुसत्या ओठांच्या हसण्यात असे काही आढळले नाही. मृत्यूनंतरच्या त्या घरात कोणी हसले, की ‘इतक्यात सावरले वाटते’ असे कुजबुजणाऱ्यांनी हे जरूर वाचावे. हसणारा माणूस विसरलेला नसतो. बहुधा तो त्या क्षणी गेलेल्या माणसाच्या सर्वांत जवळ असतो.

याच्याही पलीकडचे उदाहरण व्हिक्टर फ्रँकल या व्हिएन्नाच्या मनोविकारतज्ज्ञाचे आहे. नाझी छळछावणीत बांधकामावर त्याच्याबरोबर राबणाऱ्या एका शल्यविशारद मित्राशी त्याने करार केला, की सुटकेनंतर काय घडेल याविषयी दोघांनी रोज निदान एक गमतीची गोष्ट रचायची. छावणीत पातळ रशाच्या तळाशी चार वाटाणे असत, म्हणून प्रत्येकाला पळी तळापासून यावी असे वाटे. तेव्हा उद्या एखाद्या प्रतिष्ठित घरी जेवायला गेल्यावर आपण यजमानीणबाईंनाही ‘जरा तळापासून वाढा’ अशी विनवणी करू, अशी ती गोष्ट असे. घडून गेलेल्या दुःखाचा किस्सा करणे वेगळे आणि दुःख चालू असतानाच त्याचा भविष्यातला किस्सा रोज घासून ठेवणे वेगळे. फ्रँकलने हे कसब शिकता येते असे मानले, आणि तिथे राहून आलेल्या माणसाशी वाद घालण्याची माझी तरी पात्रता नाही.

तरीही स्वतःवर केलेला प्रत्येक विनोद उभारी देतोच असे नाही. रॉड मार्टिन या कॅनडातील मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 2003 मध्ये विनोदाच्या ज्या शैली मांडल्या, त्यांत स्वतःला सावरणारा विनोद एका बाजूला आणि इतरांना खूश ठेवण्यासाठी स्वतःला पायदळी घालणारा विनोद दुसऱ्या बाजूला आहे. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. ‘माझ्याकडून दुसरं काय होणार’ असे म्हणून सर्वांआधी हसणारा माणूस पुष्कळदा दुसऱ्याने मारायच्या आत स्वतःच स्वतःला मारून घेत असतो. शिवाय काही दुःखांचा किस्सा कधीच होत नाही, आणि तो व्हायलाच हवा अशी सक्ती करणे हा त्या दुःखावरचा दुसरा घाव आहे.

ज्यांचा होतो, त्यांना मात्र श्रोते लागतात, आणि श्रोत्याचे काम वाटते तितके सोपे नाही. पडलेल्या माणसाने पहिला विनोद केला, की ‘असं बोलू नये’ म्हणून त्याला पुन्हा दुःखात ढकलायचे नसते. तिसऱ्यांदा ऐकत असलो तरी योग्य जागी हसायचे असते आणि तपशिलांचा हिशेब मागायचा नसतो. माझ्या मित्राला आता दुसरे काम मिळाले आहे, पण घड्याळाचा किस्सा त्याने सोडलेला नाही. अलीकडच्या आवृत्तीत ते घड्याळ पहिल्या दिवसापासून दहा मिनिटे मागे चालते आणि कंपनीला त्याची योग्यता उशिरा कळणार याचा तो पुरावा ठरतो. घड्याळ अगदी बरोबर चालते, हे त्याच्या बायकोला ठाऊक आहे. ती तेवढ्यापुरती भिंतीकडे पाहायचे टाळते.