परवानगी दिल्यानंतरचे नियमन

शेतीतील नव्या तंत्रज्ञानावर सरकारचे नियंत्रण किती असावे, ही चर्चा बहुतेक वेळा परवानगी द्यावी की नाकारावी या एकाच प्रश्नाभोवती फिरते. चाचण्या, तज्ज्ञ समित्या, याचिका हे सारे त्या निर्णयाआधी घडते आणि निर्णय झाला की शासनाचे लक्ष ओसरते. माझ्या मते नियमनाची खरी परीक्षा तिथून पुढे सुरू होते.

अमेरिकेतील डायकांबा या तणनाशकाचे उदाहरण मला फार बोलके वाटते. ते सहन करणाऱ्या सोयाबीन व कपाशीच्या वाणांना तेथील कृषी विभागाने जानेवारी २०१५ मध्ये मोकळीक दिली. पण त्या उभ्या पिकांवर फवारता येईल अशा, कमी उडणाऱ्या नव्या मिश्रणाला पर्यावरण संरक्षण संस्थेची मंजुरी नोव्हेंबर २०१६ मध्ये मिळाली. मधल्या काळात बियाणे विक्रीस आले होते, कायदेशीर औषध मात्र नव्हते. त्यामुळे काही शेतकऱ्यांनी जुनीच औषधे नियम मोडून फवारली, आणि ती वाऱ्याने व वाफ होऊन शेजारच्या शेतांत पोहोचली, जिथे साध्या सोयाबीनची पाने वाटीसारखी वळू लागली. नवे मिश्रण आल्यावरही हे थांबले नाही. २०१७ च्या हंगामात सुमारे ३६ लाख एकर सोयाबीनला इजा झाल्याचा अंदाज मिसुरी विद्यापीठातील तणशास्त्रज्ञाने मांडला. पुढे २०२० आणि २०२४ मध्ये न्यायालयांनी या वापराची मंजुरी रद्द केली. बियाणे एका कार्यालयाने तपासले, औषध दुसऱ्याने, आणि ज्याने ते तंत्रज्ञान घेतलेच नव्हते त्या शेजाऱ्याचा विचार दोघांच्याही कामात पुरेसा झाला नाही, ही गोष्ट मला अन्यायाची वाटते.

बीटी कपाशीची, म्हणजे जिवाणूचे जनुक घातल्यामुळे बोंडअळीला मारणारे विष स्वतःच तयार करणाऱ्या कपाशीची, कथा याहून गुंतागुंतीची आहे. २००२ मध्ये भारतात तिला मान्यता देताना शेताभोवती बिगर-बीटी कपाशीच्या पाच ओळी किंवा २० टक्के क्षेत्र, यांपैकी जे जास्त असेल ते राखीव पट्टा म्हणून ठेवण्याची अट होती. यामागचे शास्त्र भक्कम आहे. त्या पट्ट्यात वाढलेल्या, विषाला बळी पडू शकणाऱ्या पतंगांचा मोजक्या प्रतिकारक्षम पतंगांशी संकर होत राहिला, तर अळीतील प्रतिकारशक्ती सावकाश पसरते. परंतु या पट्ट्याचा तोटा एकट्या शेतकऱ्याला आणि फायदा साऱ्या परिसराला मिळतो. त्याची भरपाई नव्हती, तपासणीही नाममात्र होती. साहजिकच बियाण्याबरोबर मिळणारे बिगर-बीटीचे पाकीट अनेकांनी पेरलेच नाही. गुलाबी बोंडअळी आधी एका बीटी जनुकाच्या आणि नंतर दोन जनुकांच्या वाणालाही दाद देईनाशी झाली. दीर्घ मुदतीचे, म्हणजे शेतात जास्त काळ उभे राहणारे, संकरित वाणही याला कारणीभूत होते, म्हणून सारा दोष त्या पाकिटावर टाकता येणार नाही. तरीही अमेरिकेत बीटी कपाशी, सुरुवातीला काटेकोरपणे पाळलेला राखीव पट्टा आणि पुढे शेतांत सोडलेले वंध्य (प्रजनन करू न शकणारे) पतंग यांच्या जोडीने हीच अळी कापूस क्षेत्रातून संपवल्याचे २०१८ मध्ये जाहीर झाले. तंत्रज्ञान सारखेच होते. मागे उभी असलेली यंत्रणा वेगळी होती.

जनुक संपादनाबाबत, म्हणजे पिकाच्या स्वतःच्या जनुकांत नेमका बदल करण्याच्या तंत्राबाबत, आता हीच वेळ आली आहे. अर्जेंटिनाने २०१५ मध्ये आणि भारताने २०२२ मध्ये परकीय जनुक नसलेल्या काही वाणांना जनुकीय सुधारित पिकांसाठीच्या कठोर प्रक्रियेतून वगळले; युरोपीय न्यायालयाने मात्र २०१८ मध्ये अशी पिके जनुकीय सुधारित पिकांच्या जुन्याच कायद्याखाली ठेवली. मी सवलतीच्या बाजूचा आहे, कारण खर्चिक मंजुरी केवळ बड्या कंपन्यांनाच पेलते आणि सार्वजनिक संशोधन संस्था मागे पडतात. मात्र प्रवेशाची तपासणी हलकी करताना नंतरची देखरेख तितकीच वाढवायला हवी. वाणांची खुली नोंद असावी, शेतातील तक्रारींना उत्तरदायी असे एकच कार्यालय असावे आणि राखीव पट्टा सांभाळणाऱ्याला मोबदला मिळावा. परवानगीला मुदत घालणेही उपयोगी आहे, पण तेवढ्याने भागत नाही: डायकांबाची २०१६ ची मंजुरी दोनच वर्षांची होती, ती २०१८ मध्ये वाढवण्यात आली, आणि त्या वेळी धोके कमी लेखले गेले असे न्यायालयाला म्हणावे लागले.